बरोक कला : रोमपासून गोमंतकापर्यंत

कोणत्याहि देशाचा इतिहास जितका ग्रंथांत सांपडतो तितकाच तो दगडविटांतहि सांपडतो. राजे जातात, तह मोडतात, कागद वाळवीच्या मुखीं पडतात; पण बांधलेली भिंत आपल्या काळाची साक्ष पुष्कळ दिवस देत राहते. मात्र ती साक्ष समजावयाची तर तिची भाषा अवगत असावी लागते. आपल्याकडील पुष्कळ कुटुंबें गोव्यास जातात, जुन्या गोव्यांतील भव्य चर्चें पाहतात, सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीपुढें उभीं राहतात, आणि फोंड्याच्या बाजूस श्रीमंगेश व श्रीशांतादुर्गा यांचें दर्शन घेऊन परत येतात. या दोन प्रकारच्या स्थळांत एक नातें आहे, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानांत येते. हें नातें ज्या कलेमुळें जुळलें तिला युरोपांत ‘बरोक’ असें म्हणतात. ही कला कोठें जन्मली, कां जन्मली, इतक्या दूर कशी आली आणि येथें आल्यावर तिचें काय झालें, हें या लेखांत थोडक्यांत सांगावयाचें आहे.

नांवाची कथा

‘बरोक’ हें नांव ‘बार्रोको’ या पोर्तुगीज शब्दावरून आलें, असें सामान्यतः मानण्यांत येतें. गोल नसलेल्या, वेड्यावांकड्या आकाराच्या मोत्यास हा शब्द लावीत असत. अर्थात् आरंभीं हें नांव गौरवाचें नव्हतें. अठराव्या शतकांतील ज्या रसिकांना प्राचीन ग्रीक व रोमन इमारतींची शांत, मोजूनमापून केलेली रचना आदर्श वाटे, त्यांना त्यापूर्वींच्या शतकांतील वळणावळणाचे खांब आणि सोन्यानें मढविलेल्या वेदी म्हणजे अभिरुचीचा बिघाड वाटला. म्हणून त्यांनीं त्या कलेस वांकड्या मोत्याची उपमा दिली. पुढें इ. स. १८८८ मध्यें हाइनरिख वोल्फलिन या स्विस पंडितानें या शैलीचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला व ती बिघडलेली नसून निराळ्या हेतूनें घडलेली कला आहे, हें दाखवून दिलें. तेव्हांपासून हें नांव निंदेचें राहिलें नाहीं. मोती वांकडा असला तरी मोतीच असतो, हें जगास पटावयास इतका काळ लागला!

उगम

पंधराव्या व सोळाव्या शतकांत इटलींत विद्येचें व कलांचें जें पुनरुज्जीवन झालें त्यास ‘रेनेसान्स’ म्हणतात. त्या काळच्या इमारतींत समतोलपणास मोठा मान होता. चौरस, वर्तुळ, सारख्या अंतरावरचे खांब, यांवर सर्व भर असे. अशा इमारतीपुढें उभें राहिलें असतां मनास शांति वाटते, पण मन हेलावत नाहीं.

इतक्यांत युरोपच्या धर्मजीवनांत मोठी उलथापालथ झाली. इ. स. १५१७ मध्यें मार्टिन ल्यूथर यानें जर्मनींत धर्मसुधारणेस आरंभ केला आणि पाहतां पाहतां युरोपचा फार मोठा भाग रोमच्या सत्तेखालून निघाला. कांहीं सुधारकांच्या मतें प्रार्थनामंदिरांत चित्रें व मूर्ति असणें हेंच पाप होतें. त्यांनीं कित्येक ठिकाणीं मूर्ति फोडल्या आणि भिंतींना सफेती दिली. या प्रसंगीं आपल्या घराची व्यवस्था लावण्यासाठीं रोमन कॅथॉलिक पंथानें ट्रेंट या गांवीं धर्मपरिषद भरविली. ती मधून मधून खंड पडत इ. स. १५४५ पासून १५६३ पर्यंत चालली. तिच्या शेवटच्या बैठकींत असें ठरलें कीं, पवित्र चित्रें व मूर्ति चर्चमध्यें असाव्यात. कारण त्यांच्या योगानें लोकांस धर्माचें शिक्षण मिळतें व भक्तीची प्रेरणा होते. मात्र त्या लोकांस कळतील अशा व सभ्य असाव्यात.

आपल्याकडील कीर्तनाचें उदाहरण घेतलें म्हणजे या ठरावाचा अर्थ चटकन समजेल. ज्यास अक्षरओळख नाहीं असाहि श्रोता हरिदासाच्या आख्यानानें गहिंवरतो, आणि त्या गहिंवरांतून जें शिकतो तें विसरत नाहीं. कीर्तनकार जें काम कानावाटे करतो, तें डोळ्यांवाटे करावें, हाच बरोक कलेचा मूळ हेतु होय. केवळ समजावणें नव्हे, तर हृदय हलविणें.

याच सुमारास इग्नेशियस लोयोला यांनीं स्थापिलेल्या येशूसंघास, म्हणजे जेझुइट लोकांच्या संघास, इ. स. १५४० मध्यें पोपची मान्यता मिळाली होती. या संघानें इ. स. १५६८ मध्यें रोम शहरांत ‘इल जेझू’ नांवाचें चर्च बांधावयास घेतलें. त्याचा आराखडा व्हिन्योला याचा व दर्शनी भाग जाकोमो देल्ला पोर्ता याचा. त्यांत खांबांच्या रांगांनीं दुभागलेले सोपे न ठेवतां मध्यें एकच प्रशस्त दालन ठेविलें, त्यामुळें कोठेंहि बसलेल्या मनुष्यास प्रवचन ऐकूं येई व वेदी दिसे. बाहेरून दोन मजले. खालचा रुंद, वरचा अरुंद, आणि त्या दोहोंचा सांधा जुळविणारीं दोन बाजूंचीं मोठीं वळसेदार वेटोळीं. इ. स. १५८४ मध्यें या चर्चची प्रतिष्ठापना झाली. पुढें जगाच्या चारी कोपऱ्यांत जीं जेझुइट चर्चें उठलीं, त्यांपैकीं पुष्कळांचा हाच कित्ता होता.

लक्षणें

सतराव्या शतकाच्या आरंभीं रोममध्यें या कलेस पूर्ण बहर आला. काराव्हाज्जो (१५७१–१६१०) या चित्रकारानें गडद अंधारांत एकाच बाजूनें येणारा प्रखर प्रकाश रंगवून साधुसंतांचे प्रसंग जणुं आपल्या शेजारीं घडत आहेत असे दाखविले. बर्निनी (१५९८–१६८०) यानें सेंट पीटरच्या मंदिरांत पिळाच्या प्रचंड खांबांवर ब्राँझचें छत्र उभारलें आणि पुढें त्याच मंदिरासमोर यात्रेकरूंना दोन्ही बाहूंनीं कवटाळल्याचा भास करून देणारी लंबवर्तुळाकार स्तंभावली बांधली. त्याचा समकालीन बोरोमिनी (१५९९–१६६७) यानें तर भिंतीच आंतबाहेर वांकविल्या. दगडाची भिंत लाटेप्रमाणें हेलावूं शकते, हें त्यानें दाखविलें.

बरोक इमारत ओळखण्याच्या चार खुणा लक्षांत ठेवाव्यात. पहिली खूण गति. सरळ रेषेच्या जागीं वळण, वर्तुळाच्या जागीं लंबवर्तुळ, आणि साध्या खांबाच्या जागीं पिळाचा खांब येतो. दुसरी खूण प्रकाश. उजेड सर्वत्र सारखा न सोडतां वरच्या खिडकींतून तो नेमका वेदीवर पाडतात. तिसरी खूण सर्व कलांचा मिलाफ. वास्तु कोठें संपली, मूर्ति कोठें लागली व चित्र कोठून सुरू झालें, हें सांगतां येऊं नये अशी योजना असते. चौथी खूण नाट्य. दारांतून पाऊल टाकतांच दृष्टि आपोआप पुढें व वर ओढली जाते आणि शेवटीं सोनेरी वेदीवर येऊन थांबते.

प्रसार

ही कला रोमच्या पंथाची म्हणून जन्मली खरी, परंतु ती त्या पंथापुरती राहिली नाहीं. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनें तिचा थाट व्हर्सायच्या राजवाड्यास दिला. अँटवर्पच्या रुबेन्सनें तिला रंगांत उतरविलें. लंडन येथें इ. स. १६७५ ते १७१० या काळांत ख्रिस्तोफर रेन यानें बांधलेलें सेंट पॉलचें मंदिर प्रॉटेस्टंट असूनहि त्यावर या शैलीची छाया स्पष्ट दिसते. ज्यांच्याविरुद्ध ती निर्माण झाली त्यांनींच तिचा स्वीकार केला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कारण पुढें आपल्या देशांतहि असेंच घडावयाचें होतें.

समुद्रापलीकडे ती स्पॅनिश व पोर्तुगीज जहाजांतून गेली. मेक्सिको व पेरू येथें तद्देशीय कारागिरांनीं तिच्यांत आपलीं फुलें व फळें कोरलीं. चीनच्या किनाऱ्यावर मकाव येथें सेंट पॉलच्या चर्चचा जो दर्शनी भाग उभा आहे त्यावर चिनी अक्षरें खोदलेलीं आहेत; मागचें चर्च इ. स. १८३५ मध्यें आगींत नष्ट झालें. आणि या सर्व पूर्वेकडील प्रवासाचें मुख्य ठाणें होतें गोवा.

जुनें गोवें

आफोंसो द आल्बुकेर्क यानें इ. स. १५१० मध्यें गोवा घेतला. मांडवीच्या कांठचें जुनें गोवें हें पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील सत्तेची राजधानी झालें. सेंट फ्रान्सिस झेवियर इ. स. १५४२ मध्यें येथें उतरले. सेंट कॅथरिनच्या नांवाचें ‘से कॅथेड्रल’ इ. स. १५६२ मध्यें सुरू होऊन १६१९ मध्यें उभें राहिलें. त्याचे मूळचे बुरूज दोन; पैकीं एक इ. स. १७७६ मध्यें पडला, म्हणून आज तें एका खांद्याचें दिसतें.

जेझुइट लोकांचें ‘बॉम जेझुस’, म्हणजे बालयेशूचें चर्च, इ. स. १५९४ मध्यें सुरू झालें व १६०५ मध्यें त्याची प्रतिष्ठापना झाली. त्याचा दर्शनी भाग पाहतांना खालपासून वर दृष्टि न्यावी. खालीं तीन दरवाजे, त्यांवर तीन चौकोनी खिडक्या, त्यांवर तीन वर्तुळाकार गवाक्षें आणि शिखरावर येशूच्या नांवाचीं आद्याक्षरें. हा भाग अद्यापि रेनेसान्सच्या शिस्तींतला आहे. आंत मात्र मुख्य वेदीवर बरोकचें राज्य आहे. संपूर्ण भिंत व्यापणाऱ्या त्या सोनेरी काष्ठशिल्पांत इग्नेशियस लोयोला यांची भव्य मूर्ति वर, किरणांनीं वेढलेल्या येशूच्या नामचिन्हाकडे पाहत उभी आहे. पाहणाऱ्याची दृष्टि मूर्तीच्या दृष्टीमागून वर जाते. वर सांगितलेलें नाट्य तें हेंच.

या चर्चचें मुख्य बांधकाम आपल्या कोंकणच्या तांबड्या जांभ्या दगडाचें आहे. जांभा सच्छिद्र असतो व पावसाचें पाणी पितो, म्हणून जुने गवंडी त्यावर चुन्याचा गिलावा चढवीत. विसाव्या शतकाच्या मध्यास बाहेरचा गिलावा काढून टाकण्यांत आला, आणि आज आपण जी तांबूस भिंत पाहून मोहित होतों ती वास्तविक उघडी पडलेली भिंत आहे. प्रत्येक पावसाळ्यांत ती झिजते, ही जाणत्या लोकांची चिंता आहे. इमारतीचें सौंदर्य व तिचें आयुष्य यांचा विचार एकत्रच केला पाहिजे, हा धडा यांतून मिळतो.

याच चर्चमध्यें झेवियर यांची समाधि आहे. तिचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी यानें केला. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो यानें तो भेट म्हणून पाठविला व इ. स. १६९८ मध्यें येथें उभारण्यांत आला. पण त्यावर जी रुप्याची पेटी आहे ती त्याहून जुनी असून इ. स. १६३६-३७ मध्यें गोमंतकांतील सोनारांनीं घडविलेली आहे. खालीं फ्लॉरेन्सचा संगमरवर व वर गोव्याचें रुपें, आणि दोन्ही एकमेकांस शोभतात. गोव्याच्या बरोक कलेचें सर्व सार या एका वस्तूंत आलें आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पुढें सतराव्या शतकाच्या मध्यास इटालियन थिआटाइन साधूंनीं सेंट काजेतान यांचें चर्च बांधलें. रोमच्या सेंट पीटरचा नमुना डोळ्यांपुढें ठेवून त्यावर घुमट चढविला. तळावलीं येथील सांत आन हें चर्च (१६८१–१६९५) तर पंचमजली असून, हिंदी हातांनीं बरोक कला किती आपलीशी केली याचा उत्तम दाखला म्हणून अभ्यासक त्याकडे बोट दाखवितात.

हे हात कोणाचे? हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. हिंदु कारागिरांकडून ख्रिस्ती देवचित्रें करवूं नयेत, अशी मनाई सोळाव्या शतकांत एकदां नव्हे, पुनः पुनः झाली. एखादा नियम पुनः पुनः करावा लागतो, याचा अर्थ तो पाळला जात नाहीं! चर्चमधील कित्येक व्यासपीठांना नागकन्यांच्या आकृतींनीं तोलून धरलें आहे. हस्तिदंताच्या एका प्रसिद्ध प्रकारांत मेंढपाळरूपी बालयेशू गालावर हात टेकून डोळे मिटून बसलेला असतो. त्याच्या मुद्रेवर ध्यानस्थ बुद्धाची शांति दिसते. धनी परका होता, विषय परका होता, पण छिन्नी येथलीच होती.

वसई व मेणवली

गोव्याप्रमाणेंच इ. स. १५३४ मध्यें पोर्तुगीजांकडे गेलेल्या वसईसहि चर्चें व मठ उभे राहिले. त्यांचे छत नसलेले दर्शनी भाग किल्ल्यांत आजहि दिसतात. मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई घेतली आणि तेथील घंटा मराठी मुलखांतील निरनिराळ्या देवालयांत आल्या. त्यांतील एक आपल्या वाईपासून हाकेच्या अंतरावर, मेणवली येथें नाना फडणिसांच्या वाड्यामागील कृष्णेच्या घाटावर आहे. तिच्यावर बालयेशूस घेतलेल्या मरियमातेची आकृति असून १७०७ हें साल आहे. ज्यांनीं ती तेथें टांगली त्यांनीं ती आकृति खरवडून काढली नाहीं. माता व बालक यांचें रूप मराठी मनुष्यास अनोळखी वाटण्याचें कारणहि नव्हतें.

फोंड्याचीं देवालयें

आतां या इतिहासाची दुःखद बाजू सांगितल्याशिवाय पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्या सत्तेनें हीं चर्चें उभारलीं तिनेंच इ. स. १५४० च्या सुमारास तिसवाडींत व १५६६-६७ च्या सुमारास साष्टींत हिंदु देवालयें पाडलीं. लोकांनीं आपले देव रातोरात होड्यांत घालून नदीपलीकडे नेले. कुशस्थळीचे श्रीमंगेश प्रियोळ येथें व केळशीची श्रीशांतादुर्गा कवळें येथें आली. हा फोंड्याचा प्रदेश अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पोर्तुगीजांच्या कायमच्या ताब्यांत गेला नव्हता. चर्चची शोभा पाहतांना हा वनवास विसरूं नये, आणि वनवास आठवतांना कारागिरांचें कसब नाकारूं नये. दोन्ही गोष्टी सत्य आहेत.

निर्वासित देवांना पक्कीं मंदिरें पुढें अठराव्या शतकांत, मराठ्यांच्या उत्कर्षकाळांत मिळालीं. यांत सातारकरांस अभिमान वाटावा असा भाग आहे. छत्रपति शाहूमहाराजांचे मंत्री नारो राम रेगे हे वेंगुर्ल्याकडील कोचऱ्याचे. त्यांच्या प्रयत्नानें व साताऱ्याच्या साहाय्यानें इ. स. १७३० नंतरच्या वर्षांत कवळें येथील मंदिर उभें राहिलें, आणि १७३९ मध्यें शाहूमहाराजांनीं कवळें गांव देवीस इनाम दिला. त्याच वर्षीं पेशव्यांकडून मंगेशी गांव श्रीमंगेशास मिळाला; आणि वसई पडली तीहि त्याच वर्षीं.

परंतु या मंदिरांचें रूप कसें आहे? आपल्याकडे गाभाऱ्यावर जेथें निमुळतें शिखर असावें तेथें तेथें अष्टकोनी बैठकीवर घुमट आहे. भिंतींना चुन्याचे अर्धस्तंभ, कमानदार खिडक्या व वर कठडे आहेत. दीपमाळ पाहा. जेजुरीस आपण ज्या दीपमाळा पाहतों त्या दगडी असून त्यांना दिवे ठेवण्यासाठीं हात काढलेले असतात. मंगेशीची दीपमाळ मात्र सात मजल्यांची, अष्टकोनी, प्रत्येक मजल्यास कमानी असलेली, अशी शुभ्र मनोऱ्यासारखी उभी आहे. चर्चच्या घंटाघराची आठवण ती पाहणाऱ्यास झाल्याशिवाय राहत नाहीं. विजापूरचा घुमट, मराठी दीपमाळ व फिरंगी चर्च या तिन्ही परंपरा तेथें एकत्र नांदतात.

ज्यांनीं देव घालविले त्यांचीच शैली देवांच्या नव्या घरास कां लागली? याचें उत्तर राजकारणांत शोधूं नये, गवंड्यांच्या हातांत शोधावें. दीडदोनशें वर्षें त्या प्रांतांतील पाथरवट, सुतार व चुना मळणारे कामकरी एकाच प्रकारचें काम करीत आले होते. जांभा कसा घडवावा, गिलाव्यांत खांब कसा उठवावा, रिंगणावर घुमट कसा तोलावा, ही विद्या बापाकडून मुलाकडे आली होती. ती आतां परकी राहिली नव्हती. चर्च बांधतांना जी भक्ति त्यांच्या हातून दुसऱ्यासाठीं घडली, तीच देऊळ बांधतांना स्वतःसाठीं घडली.

उपसंहार

रोमच्या एका पंथानें आपल्या बचावासाठीं जी कला निर्मिली, ती शेवटीं कवळ्याच्या देवीचें घर सजविण्याच्या कामीं आली. कला जिंकणाऱ्याबरोबर येते, पण त्याच्या आज्ञेंत फार दिवस राहत नाहीं. जो ती मन लावून शिकतो त्याची ती होते. विद्येचेंहि असेंच आहे. ज्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें एका बाकावर बसून शिकतात, तेथें ही गोष्ट अधिक सांगण्याची जरूर नाहीं.

जुन्या गोव्यांतील चर्चें व मठ यांचा इ. स. १९८६ मध्यें युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत समावेश झाला आहे. तेथें जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं एक दिवस मांडवीकांठीं व दुसरा दिवस फोंड्यास घालवावा. प्रत्येक ठिकाणीं घुमट, खांब व खिडकी यांचें साधें रेखाटन वहींत करावें आणि घरीं आल्यावर तीं पानें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावींत. कोणतें रेखाटन चर्चचें व कोणतें देवळाचें, हें ओळखतांना क्षणभर थांबावें लागलें, तर या लेखाचा उद्देश सफल झाला असें समजावें.